रो-हाउसच्या अंगणातलं तळं आणि कृत्रिम लॉन

तळेगावच्या नव्या रो-हाउसमध्ये पहिल्याच पावसात मागच्या अंगणाचं तळं झालं. खणून पाहिलं तर वर बोटभर लाल माती, खाली फुटक्या टाइल्स, सिमेंटचे गट्टे आणि जेसीबीनं दाबून दगड झालेली काळी माती. पाणी मुरणार कुठून! लॉनवाला म्हणाला, ‘त्यावरच कृत्रिम लॉन अंथरतो.’ त्याला थांबवलं. लॉनच्या भोकांतून उतरलेल्या पाण्याला पुढं वाट हवीच ना. ६ इंच खोदून भिंतीपासून चेंबरकडे दर ८ फुटांना १ इंच उतार काढला. तळाला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), त्यावर ४ इंच खडी, खालच्या टोकाला भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, वर कच (दगडाचा बारीक चुरा) ठोकून मग लॉन. यंदा जुलैत पाणी साचलं नाही. एप्रिलच्या दुपारी मात्र त्या तापलेल्या प्लास्टिकवर अनवाणी चालून दाखवा!