तोंडाच्या कर्करोगाचा पॅथॉलॉजी अहवाल कसा वाचावा

बायोप्सीचा अहवाल हाती पडताच घरातील माणसे आधी ‘स्टेज कोणती?’, म्हणजे रोग किती पसरला आहे, ते शोधतात. तेथे ती बहुधा सापडत नाही, कारण स्टेज ठरवण्यासाठी डॉक्टरांची तपासणी आणि स्कॅन लागतात, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालाने ती पक्की होते. म्हणून वाचन निदानाच्या ओळीपासून सुरू करावे.

नागपुरात पानठेल्यावर घोटून मिळणाऱ्या खर्र्यातील (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणातील) तंबाखूमधून नायट्रोसमाइन नावाची रसायने लाळेत उतरतात आणि तोंडाच्या अस्तरातील पेशींच्या डीएनएमध्ये बिघाड घडवतात. असा बिघाड पेशी बहुधा दुरुस्त करते किंवा स्वतः मरून जाते. परंतु या कामावर देखरेख ठेवणारे टीपी५३ हे जनुकच बिघडले, तर सदोष पेशी विभागत राहते आणि तिच्या पुढच्या पिढ्यांत नव्या उत्परिवर्तनांची (डीएनएमधील बदलांची) भर पडत जाते. अशा पेशी अस्तरातच असतील तर अहवालात ‘डिस्प्लेशिया’ लिहिलेले असते, आणि हा अजून कर्करोग नव्हे. अस्तराखालचा पातळ पडदा भेदून त्या आत शिरल्या, की ‘इन्व्हेसिव्ह स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ असे निदान होते.

त्यासोबतचे ‘वेल’, ‘मॉडरेटली’ किंवा ‘पूअरली डिफरन्शिएटेड’ हे शब्द ग्रेड सांगतात, म्हणजे पेशींचे रूप मूळ पेशींपासून किती बदलले ते. ‘ग्रेड २’ म्हणजे दुसरी स्टेज नव्हे. ही गल्लत सुशिक्षित घरांतही होते.

शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात गाठीच्या लांबी-रुंदीपेक्षा तिच्या खोलीकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत आणि खोली ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर ती टी१ ठरते (‘टी’ हे अक्षर मूळ गाठीची श्रेणी सांगते). तेवढीच गाठ ५ मिलिमीटरहून खोल, पण १० मिलिमीटरच्या आत असेल तर ती टी२ होते, कारण खोलवर गेलेल्या पेशींना लसिकावाहिन्या गाठता येतात आणि त्यांतून त्या सहसा प्रथम मानेतील लसिकाग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) पोहोचतात. किती ग्रंथी तपासल्या आणि किती बाधित निघाल्या, हे ग्रंथींची स्थिती सांगणाऱ्या ‘एन’ या अक्षराजवळ पाहावे. ‘एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन’ आढळले असेल, तर रोग ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर आला आहे असे समजावे. अशा वेळी रेडिएशनसोबत केमोथेरपीचा विचार होतो. ‘एम’ हे अक्षर दूरचा प्रसार सांगते; ‘एम१’ म्हणजे फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवापर्यंत प्रसार.

नागपुरात जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा तुकडोजी कर्करोग रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे असल्यास केवळ कागद नेऊ नये. आधीच्या प्रयोगशाळेकडून स्लाइड आणि मेणातील ब्लॉकही (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्यावेत.