द्विघाती क्रमिकेचे न-वे पद कसे काढावे

ज्या क्रमिकेत लगतच्या पदांमधील फरक बदलत जातो, पण त्या फरकांमधील फरक (दुसरा फरक) मात्र शून्येतर आणि स्थिर राहतो, ती द्विघाती क्रमिका; तिचे न-वे पद अ × न² + ब × न + क या रूपात लिहिता येते. येथे न हा पदाचा क्रमांक असून अ, ब, क या स्थिर संख्या आहेत.

उदाहरणासाठी बहुभुजाचे कर्ण, म्हणजे लगत नसलेले दोन शिरोबिंदू जोडणारे रेषाखंड, घेऊ. त्रिकोणाला कर्ण नसतो. चौकोनाला २, पंचकोनाला ५, षटकोनाला ९ आणि सप्तकोनाला १४ कर्ण असतात. ०, २, ५, ९, १४ या क्रमिकेचे पहिले फरक २, ३, ४, ५ आणि दुसरे फरक १, १, १ येतात. दुसऱ्या फरकाची निम्मी संख्या म्हणजे अ, म्हणून येथे अ = ०.५.

ही निम्मी करण्याची पायरी बहुतेक विद्यार्थी केवळ पाठ करतात, वास्तविक तिचे कारण दोन ओळींत समजते. (न + १)² − न² = २न + १ असल्यामुळे लगतच्या वर्गसंख्यांमधील फरक प्रत्येक पायरीला २ ने वाढतो; म्हणून अ × न² चा दुसरा फरक २अ असतो. ब × न ची वाढ प्रत्येक वेळी सारखीच असल्याने ती दुसऱ्या फरकात उरत नाही, आणि क तर पहिल्याच फरकात नाहीसा होतो.

आता प्रत्येक पदातून ०.५ × न², म्हणजे अनुक्रमे ०.५, २, ४.५, ८, १२.५ वजा करावे. बाकी −०.५, ०, ०.५, १, १.५ ही अंकगणिती श्रेढी आहे. तिचा साधारण फरक ०.५ असून तिचे न-वे पद ०.५ × न − १ आहे. म्हणून मूळ क्रमिकेचे न-वे पद ०.५ × न² + ०.५ × न − १ होय. पडताळा मात्र आकडेमोडीत आधी वापरले नाही अशा पदावर घ्यावा: न = ६ घेतल्यास १८ + ३ − १ = २० मिळतात, आणि अष्टकोनाला २० च कर्ण असतात.

येथे न म्हणजे बाजूंची संख्या नव्हे, हे विसरू नये. पहिले पद त्रिकोणाचे असल्याने बाजू म असतील तर न = म − २; ही किंमत ठेवली की म(म − ३)/२ हे परिचित सूत्र मिळते.

केवळ तीन पदे दिली असतील तर दुसरा फरक एकच निघतो आणि तो स्थिर आहे की नाही हे ठरवता येत नाही, म्हणून निदान चार पदे हवीत. चार-पाच पदांवरूनही नियम सिद्ध होत नाही. त्यासाठी क्रमिका कशी वाढते ते पाहावे लागते. म बाजूंच्या बहिर्वक्र (कोणताही कोपरा आत वळलेला नसलेल्या) बहुभुजाच्या एका बाजूबाहेर नवा शिरोबिंदू असा घ्यावा की नवा बहुभुजही बहिर्वक्र राहील. त्या शिरोबिंदूपासून म − २ नवे कर्ण निघतात आणि ती जुनी बाजूही कर्ण बनते. एकूण वाढ म − १ इतकी होते, आणि म एकाने वाढला की ही वाढही एकानेच वाढते. म्हणून दुसरा फरक सर्वत्र १ च राहतो.