मंडळी ऑनलाईन जोडून ठेवायची तर आधी हजेरीची वही काढा

२२ मार्च २०२० ला रविवार होता, जनता कर्फ्यूचा, आणि त्या दिवशी कोल्हापुरातल्या आमच्या चर्चचं फाटक उघडलंच नाही. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मोबाईलवर संदेश रेकॉर्ड करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी खाली आमेन आमेन लिहिलं, हात जोडलेले इमोजी पडले आणि आम्हा पंचांना, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांना, वाटलं की चला, मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं, जोडलेली आहे. ईस्टर झाला, एप्रिल संपत आला, तेव्हा कुठं कळलं की उचगावच्या एका मावशींच्या घरात मुलाचं काम गेलंय, गॅस संपलाय आणि महिनाभर त्यांना मंडळीतल्या एकाही माणसाचा फोन गेलेला नाही. ग्रुपमध्ये त्यांचं नाव होतं, पण मोबाईल मुलाचा आणि रिचार्ज संपलेला, मग त्यांना काय कळणार आम्ही काय पाठवतोय ते. इकडं रोज आमेन पडत होतं आणि मावशी तिकडं एकट्या. ते मला आजपण टोचतं.

म्हणून कुणी विचारलं की आमच्या मंडळीची ऑनलाईन सभा सुरू करायची आहे, कुठलं ॲप घेऊ, तर मी सांगतो ॲप नंतर, आधी वही काढा. साधी दोनशे पानी वही. एकेका कुटुंबाला एक पान द्या आणि त्यावर लिहा घरात कोण कोण आहे, फोन कुणाकडं आहे, स्मार्टफोन आहे का बटणाचा, तो सकाळी घरात असतो का कामावर जातो, लिंक उघडून द्यायला घरात कुणी आहे का, आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, या घराला फोन कोण करणार. एका माणसाकडं सात-आठ घरं, त्याच्यापेक्षा जास्त नको. हे काम पाळकांवर टाकू नका, त्यांना लग्न, मयत, आजारपण, उपदेशाची तयारी सगळं असतं, महिला मंडळातल्या बायका हे काम लई चांगलं करतात आणि त्यांना कुणाच्या घरात काय चाललंय हे आधीच माहीत असतं.

आता कुणी म्हणेल की चर्च उघडून कधीचं झालं, आता ऑनलाईन कशाला. आपल्याकडं महाराष्ट्रात १६ नोव्हेंबर २०२० ला प्रार्थनास्थळं उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये परत बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली, ते सगळं खरं. पण १८५२ साली वाइल्डर मिशनरी कोल्हापुरात आले, तेव्हाच्या मंडळीची आता चौथी पाचवी पिढी आहे आणि ती सगळी राजारामपुरीत नि नागाळा पार्कात राहत नाही. पोरं पुण्यात हिंजवडीला, नर्स झालेल्या मुली दुबई कुवेतला, म्हातारी माणसं गुडघ्यामुळं जिना उतरत नाहीत, आणि पावसाळ्यात तर रस्तेच बंद. या लोकांना चर्चला या म्हणून काय उपयोग, त्यांच्याकडं आपणच जायचं.

वेळ ठरवताना एक गणित करा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं आणि कुवेत कतार अडीच तास मागं. रविवारी सकाळी १० ला इथं उपासना सुरू केली की दुबईत साडेआठ वाजलेले असतात, तिथं २०२२ पासून रविवारची सुट्टी झाली त्यामुळं तिथल्यांना जमतं, पण कुवेत कतारमध्ये रविवार कामाचा दिवस, ती मुलगी ड्युटीवर असते. तिच्यासाठी आम्ही आठवड्यातली प्रार्थनासभा रात्री साडेआठला ठेवली, तिकडं सहा वाजतात. आणि इथं फाउंड्रीत नाहीतर दुकानात रविवारी कामाला जाणारे आहेत त्यांना पण तीच वेळ बरी पडते.

ॲपचं थोडक्यात सांगतो. झूम फुकट वापरलं तर १०० जण बसतात पण ४० मिनिटांनी बंद पडतं, आणि नेमकं शेवटच्या आशीर्वादवचनाच्या आधी बंद पडलं की लोकांचा जीव हळहळतो. गुगल मीट फुकटात १०० जणांना एक तास देतं, आम्ही तेच घेतलं आणि उपासना ५० मिनिटांची केली. कॉटेज मीटिंगला, म्हणजे आठ-दहा घरांच्या प्रार्थनेला, व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल पुरतो, त्यात ३२ जण मावतात आणि आज्यांना सुद्धा तो उचलता येतो कारण फोनसारखी रिंग वाजते, लिंक शोधत बसावं लागत नाही. यूट्यूब लाईव्ह गुड फ्रायडे नि नाताळला ठीक, पण मोबाईलवरून लाईव्ह करायला चॅनेलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा चालू करताना २४ तास वाट बघायला लागू शकते, म्हणून आदल्या रात्री जागे होऊ नका. माझं स्पष्ट मत आहे की दर रविवारी नुसतं यूट्यूब लावून देऊ नका. लोक बघतात, पण कुणी कुणाला दिसत नाही, आणि चार रविवार एखादं घर गायब झालं तरी कुणाला पत्ता लागत नाही.

उपासना १० ची असेल तर लिंक पावणेदहाला उघडा आणि एका माणसाचं काम फक्त एवढंच ठेवा की येईल त्याला नावानं बोलवायचं. "या काकू, आवाज येतोय का? कोडोलीचा पाऊस काय म्हणतोय?" एवढंच. चर्चच्या दारात आपण जे करतो तेच इथं करायचं. बायबलमध्ये पौलानं रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं तेव्हा तो रोमला गेला पण नव्हता, तरी सोळाव्या अध्यायात एकामागून एक नावं घेऊन सलाम सांगतो, रूफसच्या आईला तर माझीही आईच म्हणतो. तो अध्याय आपण वाचताना भरभर उरकतो, पण लांब बसून मंडळी कशी सांभाळायची याचा याहून चांगला धडा मला तरी सापडलेला नाही.

आता गाणं. इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. चर्चमध्ये पेटी तबला सुरू झाला की सगळे एका तालात गातात, ऑनलाईन ते होतच नाही कारण प्रत्येकाचा आवाज जायला यायला थोडा वेळ लागतो, तो प्रत्येक घरात वेगळा, मग सगळ्यांनी माईक उघडून गायलं की दळण दळल्यासारखा आवाज येतो. त्यामुळं एकाच घरानं गायचं आणि बाकीच्यांनी माईक बंद करून आपापल्या घरात मोठ्यानं गायचं. गीताचे शब्द फोटो काढून शनिवारी रात्रीच ग्रुपवर टाका, नंबरासकट, म्हणजे ज्यांच्याकडं पुस्तक आहे ते पुस्तकातून म्हणतील. फोन गाणाऱ्याच्या समोर हातभर अंतरावर स्टुलावर ठेवा, पेटी बाजूला आणि तबला मागं, नाहीतर तबलाच तबला ऐकू येतो. झूम वापरत असाल तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये ओरिजिनल साऊंड चालू करा, नाहीतर ॲपला पेटीचा सूर म्हणजे पंख्याचा आवाज वाटतो आणि ते तो दाबून टाकतं, आमची पेटी तीन रविवार गळा धरल्यासारखी वाजत होती ती याच्यामुळंच.

पण नुसतं एकाच घरानं गायलं की बाकीचे प्रेक्षक होतात. म्हणून शेवटचं कडवं आम्ही दर रविवारी दुसऱ्या घराला देतो, आज गांधीनगरचं घर, पुढच्या वेळी इचलकरंजीचं. घरात सूर लागो न लागो, लेकरं सकट सगळी एका पलंगावर दाटीवाटीनं बसून गातात, आणि त्या आठवड्यात ते घर दोन दिवस आधीपासून सराव करत असतं. आणि प्रभूच्या प्रार्थनेला, म्हणजे "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणताना, सगळे माईक उघडा. हो, आवाज मागं पुढं होतात, कुणाच्या घरात कुकरची शिट्टी होते, कुणाचं कुत्रं भुंकतं, तरी उघडा. मला विचाराल तर ५० मिनिटांतला तोच क्षण मंडळीचा असतो.

संदेश १५ ते १८ मिनिटांत संपवायला पाळकसाहेबांना प्रेमानं सांगा. चर्चमध्ये ४० मिनिटं लोक बसतात कारण सगळी बसलेली असतात, घरात तेवढ्यात दूधवाला येतो, पाणी येतं.

म्हाताऱ्या माणसांना लिंक पाठवून उपयोग नाही, त्यांच्या घरी एकदा जाऊनच यावं लागतं. कसबा बावड्यात आमच्या एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्या कॉलवर यायच्या तेव्हा आम्हाला फक्त त्यांचं कपाळ, छताचा पंखा आणि भिंतीवरचं कॅलेंडर दिसायचं, आणि त्यांना वाटायचं आपण कुणाला दिसतच नाही म्हणून त्या बोलायच्या पण नाहीत. एका शनिवारी गेलो. पोह्यांचा स्टीलचा डबा घेतला, मोबाईल त्याला टेकवला, आणि टेबलावर खडूनं डब्याभोवती गोल काढला नि खाली फरशीवर खुर्चीच्या पायाजवळ दोन रेघा मारल्या. आजी, डबा इथं, खुर्ची इथं, बाकी काय करायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा पूर्ण दिसला, डोक्यावर पदर, चष्मा, आणि कोपऱ्यातून कुणीतरी "अगं आजी दिसायल्या" म्हणून ओरडलं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा साक्ष दिली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगितलं. ज्यांच्याकडं बटणाचाच फोन आहे त्यांना आम्ही आमच्या एखाद्या फोनवरून साधा कॉल लावतो आणि आमचा तो फोन लॅपटॉपच्या स्पीकरजवळ ठेवतो, आवाज फार सुंदर येत नाही पण येतो.

लहान मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग, वेगळी आणि २५ मिनिटांची ठेवा. त्यांना घरातून काहीतरी आणायला लावा. "तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात" हे येशूचं वचन शिकवताना सगळ्यांना सांगितलं, पळत जाऊन स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणा, स्क्रीनसमोर जिभेवर ठेवा. कुणी खडे मीठ आणलं, कुणी चुकून साखर. ती मुलं तो धडा विसरलेली नाहीत.

प्रार्थनेच्या विनंत्यांबद्दल मात्र लई काळजी घ्या. आमच्या ग्रुपवर एका मुलीच्या आजारपणाची विनंती कुणीतरी चांगल्या मनानं टाकली, रिपोर्टच्या फोटोसकट, आणि तो फोटो फिरत फिरत तिच्या होणाऱ्या सासरी गेला. पुढचं लिहीत नाही. तेव्हापासून नियम असा की विनंती फोन करून एकाच बाईंना सांगायची, ग्रुपवर आजाराचं नाव नाही, फोटो नाही, आणि प्रार्थनेच्या वेळी रेकॉर्डिंग बंद. यूट्यूबला लाईव्ह असाल तर विनंत्यांच्या आधी लाईव्ह थांबवा, प्रार्थना बंद कॉलवर करा. लिंक फेसबुकवर उघडी टाकू नका, बाहेरची माणसं घुसून घाण बोलतात असं बऱ्याच ठिकाणी झालंय, त्यामुळं वेटिंग रूम, म्हणजे आत घेईपर्यंत माणूस बाहेर थांबतो ती सोय, चालू ठेवा आणि नाव बघूनच आत घ्या, अनोळखी नाव असेल तर आधी विचारा, नवीन माणूस खरंच प्रभूच्या शोधात आलेला पण असू शकतो.

अर्पणासाठी चर्चच्या ट्रस्टच्याच खात्याचा क्यूआर द्या, कुणाच्या खाजगी नंबरचा नको, आणि तो एकदा दाखवून काढून घ्या. ज्यांना ते जमत नाही त्यांचं पाकीट सात-आठ घरांवाला माणूस जाऊन आणतो आणि पावती देतो. प्रभुभोजन, म्हणजे भाकर नि द्राक्षरसाचा विधी, स्क्रीनवर घ्यायचं का नाही हे तुमच्या पाळकांना आणि पंचमंडळाला ठरवू द्या, प्रत्येक चर्चची शिकवण वेगळी आहे. आम्ही घेतलं नाही, थांबलो, आणि परवानगी मिळाल्यावर पाळकसाहेब मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन घरोघरी गेले.

रविवारी सभा संपली की वही उघडा. कोण नव्हतं त्यांची नावं काढा आणि सोमवारी संध्याकाळी फोन करा. "का आला नाहीत" असं विचारायचं नाही, त्यानं माणूस लाजतो आणि पुढच्या वेळी फोनच उचलत नाही. "काय मावशी, बरं हाय न्हवं? जेवलासा का?" एवढं विचारलं की बाकीचं त्या आपणच सांगतात. तीन सोमवार फोन लागला नाही तर कुणीतरी गाडी काढून जायचं.

आणि पावसाळ्यासाठी वहीची एक झेरॉक्स काढून ठेवा, कारण मोबाईलमधली यादी चार्जिंग संपलं की गेली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर आली की आम्ही ग्रुपवर एकच मेसेज टाकतो, पॉवर बँक भरून घ्या, सात वाजता आवाजाचा कॉल. ४३ फूट धोका पातळी, तिथपर्यंत थांबत नाही. जुलै २०२१ च्या पुरात लाईट गेलेली, व्हिडिओ चालायचा नाही, तेव्हा रोज संध्याकाळी दहा मिनिटं नुसत्या आवाजावर जमलो. गीत नाही, संदेश नाही. वहीतली नावं वाचायची आणि ज्यानं त्यानं "हाय" म्हणायचं. दुसऱ्या दिवशी एका नावाला उत्तर आलं नाही. परत वाचलं, परत नाही. कॉल चालूच ठेवला, तेवढ्यात दोन पोरांनी शेजाऱ्यांना फोन लावले, आणि वीस मिनिटांनी कळलं की ताई बहिणीकडं वरच्या मजल्यावर गेल्यात, मोबाईल बंद पडलाय. बहिणीच्या फोनवरून त्या कॉलला आल्या, "हाय हाय, मी हाय" म्हणाल्या, मग प्रार्थना करून कॉल बंद केला.