जुन्या सोनाटाचे इंजिन अचानक बंद पडल्यास: अमेरिकेतील दुसऱ्या मालकासाठी मार्गदर्शन

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत आलेली मराठी माणसे पहिली गाडी बहुधा वापरलेली सेडान घेतात आणि त्यांत ह्युंदाई सोनाटाही असते. २०११ ते २०१९ या वर्षांच्या सोनाटांपैकी ज्यांत २.४ लिटरचे जीडीआय (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे) किंवा २.० लिटरचे टर्बो, म्हणजे ‘थीटा टू’ घराण्यातले इंजिन आहे, त्यांच्या मालकांच्या तक्रारी बऱ्याच सारख्या असतात. गाडी महामार्गावर वेगात असताना खालून ठकठक असा आवाज येतो, किंवा तोही येत नाही, आणि इंजिन जाम होऊन बंद पडते. पुढे डीलरकडे गेल्यावर ‘तुम्ही पहिले मालक नाही’ किंवा ‘ऑइल बदलल्याच्या पावत्या नाहीत’ असे सांगून काम नाकारले जाते. यातली पहिली सबब या इंजिनाच्या बाबतीत सहसा टिकत नाही, दुसरी मात्र टिकू शकते, म्हणून पुढील मजकुरात कागदपत्रांना वाजवीपेक्षा जास्त जागा दिली आहे असे वाटले तरी ती मुद्दाम दिलेली आहे.

दोष कोणता आणि हमी कशाची

सप्टेंबर २०१५ मध्ये ह्युंदाईने अमेरिकेतील २०११ आणि २०१२ च्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा दुरुस्तीसाठी परत मागवल्या, म्हणजे रिकॉल केल्या. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, यंत्रकामानंतर राहिलेला धातूचा कीस नीट काढला गेला नव्हता आणि त्यामुळे कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगकडे जाणाऱ्या ऑइलला अडथळा होऊ शकत होता, असे कारण तेव्हा देण्यात आले. बेअरिंगला ऑइल कमी पडले की ती झिजते, फट वाढते, फट वाढली की ठोके ऐकू येऊ लागतात आणि शेवटी बेअरिंग क्रँकशाफ्टला धरून बसते. क्वचित रॉड तुटून इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडतो आणि तापलेल्या एक्झॉस्टवर ऑइल सांडून आग लागते. मार्च २०१७ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी मिळून आणखी सुमारे १२ लाख गाड्या परत मागवल्या आणि त्यांत २०१३ व २०१४ च्या सोनाटा होत्या. परत मागवण्यात दिरंगाई केल्याबद्दल नोव्हेंबर २०२० मध्ये या दोन कंपन्यांनी एनएचटीएसए या वाहन-सुरक्षा संस्थेशी एकूण २१ कोटी डॉलर दंडाचा समझोता केला. दोषाची माहिती संस्थेपर्यंत पोहोचवणारे ह्युंदाईचेच अभियंता किम ग्वांग-हो यांना पुढच्या वर्षी २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले.

मालकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आहे तो सामूहिक दाव्यातील समझोता, ज्याला कॅलिफोर्नियातील फेडरल न्यायालयाने मे २०२१ मध्ये अंतिम मान्यता दिली. त्यानुसार या इंजिनाच्या शॉर्ट ब्लॉकला (सिलिंडर, पिस्टन व क्रँकशाफ्ट असलेल्या खालच्या भागाला), कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगच्या बिघाडापुरती, आजीवन हमी मिळाली आणि ती पहिल्या मालकाइतकीच नंतरच्या मालकालाही लागू आहे. ह्युंदाईची प्रसिद्ध १० वर्षे किंवा १ लाख मैलांची हमी फक्त पहिल्या मालकाची असते आणि दुसऱ्याच्या हाती ५ वर्षे किंवा ६० हजार मैलच उरतात, हे खरे आहे. परंतु काउंटरवरचा माणूस तोच नियम या आजीवन हमीलाही लावू लागला, तर दोन्ही हमी वेगळ्या आहेत हे त्याला शांतपणे, शक्यतो लेखी, दाखवून द्यावे. हा समझोता अमेरिकेपुरता आहे. भारतातील सोनाटाला त्याचा उपयोग नाही. तसेच १.६ लिटर टर्बो, हायब्रिड आणि २०२० पासूनच्या सोनाटांना हा समझोता लागू नाही, त्यामुळे त्यांच्या मालकांनी पुढील सल्ल्यातला हमीचा भाग सोडून द्यावा.

गाडी चालू स्थितीत असतानाच करायची कामे

प्रथम सतरा अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख-क्रमांक, पाहावा. त्यातले दहावे अक्षर मॉडेल-वर्ष सांगते: बी म्हणजे २०११, सी म्हणजे २०१२, आणि याच क्रमाने जी म्हणजे २०१६, एच म्हणजे २०१७, जे म्हणजे २०१८ आणि के म्हणजे २०१९. हा क्रमांक एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकल्यास अपुरे राहिलेले रिकॉल दिसतात. येथे एक गफलत वारंवार होते. तेथे ‘एकही रिकॉल नाही’ असे दिसले तर त्याचा अर्थ एवढाच की रिकॉलचे काम झालेले आहे किंवा त्या वर्षाच्या गाडीला ते लागूच नव्हते; इंजिन निर्दोष आहे किंवा हमी नाही, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

त्यानंतर अधिकृत डीलरकडे व्हीआयएन देऊन दोन गोष्टी विचाराव्यात: पूर्वी इंजिन बदलले आहे काय आणि केएसडीएस हे सॉफ्टवेअर बसवले आहे काय. नॉक सेन्सरच्या साह्याने बेअरिंगची बदललेली कंपने ओळखणारी ही व्यवस्था आहे. धोका आढळल्यास चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, इशाऱ्याचा आवाज होतो आणि इंजिनाची ताकद मुद्दाम कमी केली जाते, जेणेकरून ते पूर्ण जाम होण्याआधी गाडी बाजूला घेता यावी. आजीवन हमीसाठी हे सॉफ्टवेअर बसवलेले असणे ही अट आहे आणि आधीच्या मालकाने ते टाळले असेल तर भुर्दंड नव्या मालकाला पडू शकतो. ते विनामूल्य बसवले जाते. गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते करून घ्यावे आणि कामाचा कागद जपून ठेवावा.

ऑइलचे म्हणाल तर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजण्याची पट्टी, हे या गाडीतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब कोसळल्याचे सांगतो, आणि तो लागेपर्यंत बेअरिंगचे नुकसान सुरू झालेले असू शकते. ही इंजिने दोन सर्व्हिसच्या मधल्या काळात ऑइल पितात अशीही अनेक मालकांची तक्रार आहे, त्यामुळे पातळी महिन्यातून दोनदा तरी, गाडी सपाट जागी उभी करून, पाहावी. टर्बो नसलेल्या इंजिनासाठी साधारण वापरात ७,५०० मैलांचे अंतर सांगितलेले असले तरी सततची थंडी, छोट्या फेऱ्या आणि वाहतूककोंडी यांना कंपनीच ‘कठीण वापर’ म्हणते आणि त्यासाठी ३,७५० मैलांचे अंतर देते. न्यू जर्सीत राहून रोज स्थानकापर्यंत पाच मिनिटे गाडी नेणाऱ्याचा वापर माझ्या मते याच प्रकारात मोडतो.

ऑइल डीलरकडेच बदलले पाहिजे असे नाही. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये किंवा घरी सर्व्हिसिंग केले म्हणून हमी नाकारता येत नाही. मात्र घरी ऑइल बदलणाऱ्याने ऑइल व फिल्टरची पावती, तारीख आणि त्या वेळचे ओडोमीटरवरचे मैल एकत्र नोंदवले पाहिजेत, कारण पावतीवर मैल छापलेले नसतात आणि नेमक्या त्याच जागी दावा अडतो. आधीच्या मालकाच्या नोंदी मिळवण्याचा सर्वांत सोपा काळ व्यवहाराचा असतो. पैसे दिल्यानंतर विक्रेता फोन उचलेलच असे नाही. कारफॅक्ससारख्या, गाडीचा पूर्वेतिहास देणाऱ्या अहवालात जेवढ्या सर्व्हिस दिसतात तेवढ्या उतरवून घ्याव्यात आणि त्या त्या गॅरेजमधून मूळ बिलांच्या प्रती मागवाव्यात.

रस्त्यात इंजिन बंद पडल्यावर

चारही इंडिकेटर लावून, वेग असेपर्यंतच गाडी उजव्या कडेला घ्यावी. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते आणि स्टिअरिंग जड होऊ शकते, त्यामुळे ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच भक्कम दाबावा. गाडी लेनमध्येच अडकली असेल तर ९११ ला फोन करावा. धूर किंवा जळक्या ऑइलचा वास येत असेल तर बॉनेट न उघडता सर्वांनी उतरून दूर जावे.

ठोक्यांचा आवाज झाला असेल तर पुन्हा स्टार्ट करून पाहण्याचा मोह टाळावा. आवाज नसताना गाडी बंद पडली असेल तर कारण साधा सेन्सर किंवा इंधनपंपही असू शकते, आणि तशा वेळी एकदा प्रयत्न करण्यास हरकत नाही. डॅशबोर्डचे, ओडोमीटरचे आणि डिपस्टिकवरील पातळीचे फोटो जागेवरच काढावेत. ऑइल कमी दिसले म्हणून ते भरून मग फोटो काढू नये, कारण तो फोटो खोटा ठरेल आणि त्याबरोबर बाकीचे खरे पुरावेही संशयास्पद होतील.

टो केलेली गाडी थेट अधिकृत ह्युंदाई डीलरकडे न्यावी. ओळखीच्या मेकॅनिकने आधी इंजिन उघडले, तर मूळ अवस्था कशी होती हे सिद्ध करणे अवघड होते आणि कंपनीला नकाराचे आयते कारण मिळते. विम्यावर येथे भिस्त ठेवू नये. अपघात आणि आग यांचे संरक्षण असलेल्या पॉलिसीतही यांत्रिक बिघाड बसत नाही, मात्र आग लागली असल्यास कॉम्प्रिहेन्सिव्ह भागाखाली दावा करता येतो.

डीलरकडे

रिपेअर ऑर्डरवर सही करण्यापूर्वी ती वाचावी आणि तिच्यात आपल्या शब्दांत काय घडले ते लिहून घ्यावे. स्कॅनरवर पी१३२६ हा कोड आला काय, हे विचारावे. केएसडीएसने बेअरिंगची धोकादायक कंपने ओळखल्याची ती खूण आहे. त्यानंतर डीलर बेअरिंगमधील फट मोजण्याची चाचणी करतो. निकाल ‘पास’ किंवा ‘फेल’ एवढ्यावर न थांबता मोजमापासह लेखी मागावा. पर्यायी गाडी मिळेल काय हे पहिल्याच दिवशी विचारून उत्तर ईमेलने घ्यावे, आणि भाड्याची गाडी घ्यावी लागलीच तर सर्व पावत्या ठेवाव्यात. गाडीवर कर्ज असेल तर हप्ते चालू ठेवावेत. वादाच्या रागात हप्ता थांबवला तर नुकसान कंपनीचे होत नाही, आपल्या क्रेडिट स्कोअरचे होते.

नकार आला तर तो कशाच्या आधारे आला, हा एकच प्रश्न लावून धरावा. ‘देखभालीकडे दुर्लक्ष’ असे उत्तर असेल, तर व्हॉल्व्ह कव्हरखालचे फोटो मागावेत, कारण वर्षानुवर्षे ऑइल न बदललेल्या इंजिनात काळा चिकट गाळ दिसतो. तो नसेल तर दुर्लक्षाचा आरोप पोकळ पडतो. एखाद-दुसरी पावती हरवणे आणि घोर दुर्लक्ष करणे यांत फरक आहे, आणि समझोत्यातील अपवाद घोर दुर्लक्षासाठी आहे. यानंतर ह्युंदाईच्या ग्राहक केंद्राला ८००-६३३-५१५१ या क्रमांकावर फोन करून केस क्रमांक घ्यावा व पुढचा सगळा व्यवहार त्याच क्रमांकाखाली लेखी ठेवावा.

एनएचटीएसएकडे तक्रार

ही तक्रार संकेतस्थळावर किंवा ८८८-३२७-४२३६ या क्रमांकावर करता येते. संस्था एकेका मालकाचे पैसे परत मिळवून देत नाही. तक्रारींतून दोषाचा नमुना दिसला की चौकशी होते आणि चौकशीतून रिकॉल होऊ शकतो. तरीही वैयक्तिक वादात तिचा उपयोग आहे, कारण घटनेनंतर लगेच केलेली तारखेची नोंद नंतर कोणी नाकारू शकत नाही. ‘ही गाडी भंगार आहे, कंपनीने मला लुबाडले’ असा मजकूर तपासनीसाच्या काहीच कामाचा नसतो. त्याऐवजी, ‘महामार्गावर ताशी ६५ मैल वेगाने जात असताना दहा सेकंद ठोक्यांचा आवाज आला, इंजिन बंद पडले, मागून ट्रक येत होता, गाडी जेमतेम कडेला घेता आली, ओडोमीटर ९१,००० मैल, ऑइल १,२०० मैलांपूर्वी बदलले होते, कोणताही दिवा लागला नव्हता’ अशी नोंद करावी. तक्रारीचा मजकूर सार्वजनिक होत असल्याने त्यात नाव, पत्ता लिहू नये.

विक्रेत्याशी हिशेब

गाडी डीलरकडून नुकतीच घेतली असेल तर खिडकीवर चिकटवलेले बायर्स गाइड, म्हणजे विक्रेत्याची हमी आहे की नाही हे सांगणारा कागद, पाहावे. वापरलेल्या गाड्या विकणाऱ्या डीलरला ते लावणे फेडरल नियमाने बंधनकारक आहे. ‘अ‍ॅज इज’ (आहे त्या स्थितीत) या चौकटीत खूण असेल तर विक्रेत्याकडून हमी नाही, परंतु त्यामुळे कंपनीची आजीवन हमी नष्ट होत नाही. काही राज्यांनी वापरलेल्या गाड्यांसाठीही वेगळे कायदे केले आहेत: मॅसॅच्युसेट्समध्ये ८० हजार ते १ लाख २५ हजार मैलांदरम्यानच्या गाडीला डीलरने ३० दिवस किंवा १,२५० मैलांची हमी द्यावी लागते आणि न्यूयॉर्कमध्ये ८० हजार ते १ लाख मैलांच्या गाडीला ३० दिवस किंवा १,००० मैलांची. मुदती इतक्या लहान असल्याने पहिल्या आवाजालाच लेखी कळवावे. सर्व दारे बंद झाली तर स्मॉल क्लेम्स (लहान रकमांच्या दाव्यांचे) न्यायालय उरते, जेथे वकिलाशिवाय दावा मांडता येतो. व्यक्तीसाठी दाव्याची मर्यादा कॅलिफोर्नियात १२,५०० डॉलर आहे, तर टेक्ससच्या जस्टिस कोर्टात ती २० हजार डॉलर आहे.

इंजिन बदलून मिळाले की नव्या इंजिनासाठी केएसडीएस पुन्हा कार्यान्वित केले काय, हे कागदावर पाहावे आणि पहिल्या हजार मैलांत ऑइलची पातळी व गळती दर आठवड्याला तपासावी. पुढे गाडी विकायची वेळ आल्यास ही सर्व कागदपत्रे नव्या मालकाच्या हाती द्यावीत.