पर्टर्ब-सेकचा डेटा पहिल्यांदा हाती घेताना

पर्टर्ब-सेक म्हणजे क्रिस्परने पेशींतल्या जनुकांत फेरफार करून प्रत्येक पेशीतला आरएनए वाचण्याची पद्धत. तिच्यात कोणत्या पेशीत कोणता गाइड (क्रिस्परच्या प्रथिनाला ठरावीक जनुकाकडे नेणारा छोटा आरएनए) जाणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. ‘या जनुकामुळे तो बदल झाला’ असं म्हणायचा अधिकार त्या चिठ्ठीतूनच मिळतो. म्हणून कोड लिहिण्याआधी चिठ्ठीत घोळ कुठे झाला असेल ते शोधा.

एमओआय (गाइड पेशीत नेणारे विषाणू दर पेशीमागे सरासरी किती) ०.३ ठेवला तर पॉयसाँ वितरणाच्या हिशेबाने सुमारे २६ टक्के पेशींना विषाणू लागतो, आणि त्यातल्या साधारण १४ टक्के पेशींत एकाहून जास्त शिरतात. ०.१ वर हे एकाहून जास्त शिरण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येतं, पण पेशीही कमी हाती लागतात. गाइडचा एकच यूएमआय (एकेका आरएनए रेणूला लावलेली ओळखखूण) दिसला तर लगेच विश्वास ठेवू नका. तो फुटलेल्या पेशींमधून द्रावणात आलेल्या आरएनएचाही असू शकतो.

नवख्यांची सर्वांत जास्त फसगत होते ती सेल सायकलपाशी, म्हणजे पेशीविभाजनाच्या चक्रापाशी. ट्युटोरियलमध्ये तिचा स्कोअर रिग्रेस करून टाकलेला, म्हणजे डेटातून वजा केलेला असतो, म्हणून इथेही तेच केलं जातं. समजा, गाइडमुळे पेशींची वाढ अडली आणि जी१ मधल्या (डीएनएची नक्कल होण्याआधीच्या अवस्थेतल्या) पेशींचं प्रमाण वाढलं. तो बदल गाइडनेच घडवलेला आहे. स्कोअर वजा केलात की जे मोजायचं होतं त्यातलाच एक भाग पुसला जातो. बॅच (कोणते नमुने एकत्र हाताळले) मात्र मॉडेलमध्ये जरूर घ्या, ती गाइडच्या आधीची असते. ‘ज्यांच्यात परिणाम दिसत नाही त्या पेशी काढू’ हा मोहही टाळा: परिणाम बघून पेशी निवडल्या की उरलेल्यांत फरक दिसणारच, आणि त्यांवरच काढलेल्या पी-व्हॅल्यूला (खरा परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता) अर्थ राहत नाही.

एका फ्लास्कमधल्या ५०० पेशी म्हणजे ५०० प्रयोग नव्हेत. वेगवेगळे ट्रान्सड्यूस केलेले (विषाणू स्वतंत्रपणे लावलेले) निदान ३ रेप्लिकेट, म्हणजे प्रयोगाच्या आवृत्त्या ठेवा, प्रत्येकातले यूएमआय गाइडनुसार बेरीज करून मग तुलना करा. एका जनुकाचे ३-४ गाइड हवेत. परिणाम एकाच गाइडला दिसला तर आधी ऑफ-टार्गेटचा, म्हणजे गाइड भलत्याच जागी लागल्याचा संशय घ्या.

कंट्रोलबाबत कंजुषी नको. डीएनए कापणारं क्रिस्परचं प्रथिन, कॅस९, असेल तर नॉन-टार्गेटिंग (कुठल्याच जनुकाला न लागणारे) गाइड पुरत नाहीत, कारण नुसत्या कापण्यानेही पी५३ (डीएनएला इजा झाल्यावर पेशीची वाढ रोखणारं प्रथिन) जागं होतं. जनुकसंचातल्या एएव्हीएस१सारख्या निरुपद्रवी जागी कापणारे गाइडही घ्या. मग एकेक कंट्रोल गाइड ‘खरा’ मानून बाकीच्या कंट्रोलशी ताडून पाहा. १०० चाचण्यांत ०.०५ खालच्या पी-व्हॅल्यू ५ च्या आसपास याव्यात. १५ आल्या तर खऱ्या जनुकांचे निकाल उघडूच नका, आधी मॉडेल दुरुस्त करा.