दुनळीला कोणते काडतूस चालेल? चेंबर मोजून खात्री कशी करावी

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक सहसा दुकानातून नवी येत नाही, ती वारशाने येते. आजोबांची दुनळी वडिलांच्या नावावर होते, पुढे मुलाच्या. परवाना नवा होतो, नळ्या त्याच राहतात. काडतुसे मात्र आजची असतात, आणि घोळ होतो तो इथे. मालक बंदूक उघडतो, काडतूस सरकवतो, ते गुळगुळीत आत जाते, बंदूक 'खट्‌' करून मिटते, आणि सगळे ठीक आहे असे समजून तो मोकळा होतो. पण काडतूस आत गेले म्हणजे ते त्या बंदुकीचे झाले, असे नाही. १२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या भोकाच्या मापाचा आकडा) बाबतीत तर मुळीच नाही.

भात पोटरीला येऊन डुकरांचा त्रास सुरू होण्याआधी, किंवा निवडणुकीच्या आचारसंहितेत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आणल्यावर, ही तपासणी करून घ्यावी. तासाभराचे काम आहे. ज्याच्या नावावर परवाना आहे त्यानेच ते करावे, आणि पोरेबाळे आसपास नसताना.

आधी बंदूक रिकामी करा

नळीचे तोंड जिकडे कोणी नाही तिकडे ठेवून बंदूक उघडा. दोन्ही नळ्या डोळ्यांनी पाहा, मग बोट घालून चाचपा. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. मोजमापासाठी जिवंत काडतूस लागतच नाही. पुढचा लाकडी भाग काढून नळ्या दस्त्यापासून सोडवल्या की त्यांच्या आरपार पाहता येते. उजेडाकडे धरून मागच्या बाजूने पाहिले तर थोड्या अंतरावर एक फिकट कडे दिसेल. तिथे चेंबर, म्हणजे काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग, संपते आणि नळी निमुळती होऊ लागते. आपल्याला मोजायचे आहे ते नळीच्या मागच्या तोंडापासून या कड्यापर्यंतचे अंतर.

खुणा वाचा

नळ्या उलट्या केल्या की खाली मागच्या बाजूला दोन चपट्या जागा दिसतात. त्यांवर नळी बाराचा दाब सोसते का याच्या चाचणीचे ठसे असतात. बऱ्याचदा तिथे वर्षांचे तेल आणि मळ बसलेला असतो. मऊ ब्रशने आणि केरोसिनच्या बोळ्याने पुसा, पॉलिश पेपर लावू नका, कारण ठसा एकदा घासला गेला की गेला.

जुन्या इंग्रजी बंदुकांवर चौकटच्या पत्त्यासारख्या आकारात १२ आणि खाली 'सी' हे अक्षर दिसते. त्यावरून ती १२ बोअर आहे एवढे कळते, चेंबरची नेमकी लांबी कळत नाही. १९२५ नंतर इंग्लंडमध्ये तपासलेल्या नळ्यांवर लांबी इंचांत कोरलेली सापडते: अडीच किंवा पावणेतीन. १९५४ नंतरच्या ठशांत दाबही दर चौरस इंचाला टनांत दिलेला असतो. अडीच इंचाला ३ टन, पावणेतीनला सव्वातीन. बेल्जियमच्या लिएज शहरातल्या बंदुकांवर लंबगोलात 'ई-एल-जी' ही अक्षरे असतात, आणि नशीब बरे असेल तर १२-६५ किंवा १२-७० असे स्पष्ट लिहिलेले असते. अडीच इंच म्हणजे ६५ मिलिमीटर आणि पावणेतीन इंच म्हणजे ७०. हे दोन आकडे डोक्यात ठेवा.

'नायट्रो' असा शब्द किंवा 'एन-पी' अशी खूण कुठेच नसेल, तर ती नळी कदाचित फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली असेल. आजची काडतुसे बिनधुराच्या दारूची असतात, आणि ती अशा नळीला झेपतीलच असे नाही. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसत असेल, तर ती पट्ट्या वळून जोडलेली दमास्कस नळी समजावी. अशी बंदूक परवानाधारक कारागिराने पाहिल्याशिवाय वाजवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चेंबर मोजा

खुणा पुसट असतील तर मोजण्याला पर्याय नाही. खुणा स्वच्छ असल्या तरी मोजा. मधल्या काळात कोणी कारागिराने चेंबर वाढवलेले असू शकते, आणि त्याची नोंद नळीवर असेलच असे नाही.

लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा यासाठी उत्तम. धारदार कटरने त्याची २० मिलिमीटर रुंद आणि हातभर लांब पट्टी कापा. पुढचा कोपरा काटकोनात हवा, गोल नको. ही पट्टी उभी धरून मागच्या बाजूने हलकेच आत सरकवा. १२ बोअरचे चेंबर मागे सुमारे २०.६ आणि पुढच्या टोकाला सुमारे २०.३ मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे पट्टी तिथवर सहज जाते. त्यापुढे नळी साडेअठरापर्यंत निमुळती होत जाते आणि पट्टीचे कोपरे अडकतात. अडकले की थांबा, दाबू नका. नळीच्या मागच्या तोंडाशी पेन्सिलने खूण करा, पट्टी बाहेर काढा, मोजा.

पट्टी चेंबरपेक्षा किंचित अरुंद असल्याने ती निमुळत्या भागात जराशी शिरते, म्हणून आकडा एखाद-दोन मिलिमीटर जास्त येतो. ६६-६७ आले तर चेंबर ६५ चे, ७१-७२ आले तर ७० चे. मध्येच कुठे ६८-६९ आले तर ६५ चेच धरा. दोन्ही नळ्या स्वतंत्र मोजा. शेवटचा शब्द मात्र कारागिराच्या गेजचाच. ही पट्टी त्याच्याकडे काय विचारायचे ते सांगते, एवढेच तिचे काम.

मग काडतूस वाचा

डब्यावर आणि बहुतेकदा काडतुसाच्या अंगावरही १२/६५ किंवा १२/७० असे छापलेले असते. खडकीच्या कारखान्याचे 'के-एफ' असो वा परदेशी, हा आकडा पाहिल्याशिवाय डबा घेऊ नये. गंमत अशी की ७० चे न वाजलेले काडतूस मोजले तर साठच्या आतबाहेरच भरते. छापलेली लांबी तोंड उघडल्यानंतरची असते. तोंडाशी दुमडलेल्या पाकळ्या बार उडाला की पुढे पसरतात, आणि तेव्हा त्यांना जागा लागते.

६५ च्या चेंबरमध्ये ७० चे काडतूस घातले तर ते सुखाने बसते, कारण ते अजून मिटलेले असते. बार होताच पाकळ्या निमुळत्या भागात उघडतात, छर्ऱ्यांची आणि डाटाची (दारू आणि छर्रे यांच्यामधल्या बोळ्याची) वाट अरुंद होते आणि दाब चढतो. एका बाराने नळी फुटेलच असे नाही. सांधा मात्र हळूहळू ढिला होतो, बंदूक खुळखुळायला लागते, आणि मालक म्हणतो, जुनी झाली. उलट ७० च्या चेंबरमध्ये ६५ चे काडतूस चालते, छर्रे जरा जास्त पसरतात इतकेच.

२० बोअरची काडतुसे १२ पेक्षा बारीक असतात, ती १२ बोअरच्या बंदुकीजवळ ठेवूच नयेत. शेजाऱ्याकडून अंधारात मागून आणलेले २० चे काडतूस १२ च्या चेंबरमधून पुढे घसरते आणि नळीत जाऊन अडकते. मागून पाहिले तर चेंबर रिकामे दिसते. त्यामागे १२ चे भरून घोडा दाबला की नळी हाताजवळ फुटते. परदेशी कारखाने २० ची पुंगळी, म्हणजे काडतुसाचे बाहेरचे नळकांडे, बहुतेक पिवळी करतात ती याच कारणाने.

पावसाळ्यात काडतूस फुगते

रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खाडीवरून येणारा खारा वारा. कागदी पुंगळी दमट हवा पिते आणि अंगाने फुगते. जूनमध्ये आत जाणारे काडतूस ऑगस्टमध्ये निम्म्यावर अडते. ते अंगठ्याने ठोकून बसवू नये, कानशीने घासू नये, आणि चुलीच्या माळ्यावर वाळत तर मुळीच टाकू नये. फुगलेले काडतूस बाजूला काढावे. प्लॅस्टिकची पुंगळी फुगत नाही, पण तिचे पितळी बूड ताक ठेवलेल्या भांड्यासारखे कळकते. बुडाच्या मधोमध असलेल्या टोपीच्या (जिच्यावर आघात होऊन दारू पेटते) कडेला हिरवट थर दिसला की ते काडतूस बाद.

साठवण झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात करावी, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आणि पुड्या गरम करून पुन्हा वापरायच्या असतील तर त्या डब्यापासून लांब नेऊन गरम कराव्यात.

चेंबरलाही तीच हवा लागते. गंजाचे बारीक खड्डे पडले की वाजलेली पुंगळी त्यांत रुतून बसते आणि चाकूने उकरायची वेळ येते. पितळी तारांचा १२ बोअरचा ब्रश फिरवा, कोरड्या चिंधीने पुसा, मग खनिज तेलाचा पुसट हात द्या. घरात असते म्हणून खोबरेल लावणारे बरेच आहेत. ते थंडीत थिजते आणि चिकट राप धरते, त्याखाली गंज आरामात चालू राहतो. बंदूक वापरायच्या आधी चेंबरमधले तेल पूर्ण पुसून काढा. ओल्या भिंतीला पुंगळीची पकड बसत नाही आणि सगळा धक्का मागच्या बाजूवर येतो.

वाजलेली पुंगळी काय सांगते

बार उडतो तेव्हा पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. म्हणून वाजलेल्या पुंगळीवर चेंबरचा ठसा असतो. तोंडाची कड झिजून चिंध्या झाली असेल तर चेंबर आखूड असल्याचा संशय घ्या. टोपी बाहेर आलेली असेल तर मागे फट आहे. बुडाशी एकाच बाजूला फुगवटा असेल तर चेंबर तिथे सैल झाले आहे. अशी पुंगळी कारागिराला दाखवा, चिठ्ठीवर 'डावी' किंवा 'उजवी' लिहून.

रायफलची पितळी पुंगळी हा ठसा आणखी नेमका घेते. परदेशात काही हौशी नेमबाज एकदा वाजलेली, म्हणजे आपल्याच चेंबरच्या आकाराला आलेली पुंगळी पुन्हा भरतात. भरताना फक्त तिची मान, म्हणजे गोळी धरणारा पुढचा भाग, आवळतात, बाकी अंगाला हात लावत नाहीत. त्यामुळे पितळ दर बाराला कमी ताणले जाते आणि पुंगळी जास्त टिकते. तर्क पक्का आहे. आपल्याकडे मात्र शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायच्या परवान्यात तो येत नाही. तेव्हा पूर्वी गावागावांत पुंगळ्या भरत असत, हे ऐकले तरी तिकडे वळू नये. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगीही नव्हे, ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते.

तपासणीत बाद ठरलेली काडतुसे विहिरीत, खाडीत किंवा शेणखळ्यात टाकू नका. परवान्यावर त्यांची नोंद आहे आणि हिशेब तुम्हालाच द्यावा लागेल. परवाना बरोबर घेऊन ज्या दुकानातून आणली तिथे किंवा पोलीस ठाण्यात विचारा, जमा करा आणि पोच घ्या. नवा डबा घेताना ती पेन्सिलची खूण केलेली पट्टी खिशात असू द्या.