डब्ल्यूएम८७३१ चिपवर व्हीमिड चुकीचा येत असेल तर

डब्ल्यूएम८७३१ या ऑडिओ कोडेक चिपच्या व्हीमिड पिनवर एव्हीडीडीच्या (चिपच्या अॅनालॉग भागाला मिळणाऱ्या पुरवठ्याच्या) निम्मा व्होल्टेज असायला हवा, एव्हीडीडी ३.३ व्होल्ट असेल तर १.६५. हा संदर्भ व्होल्टेज बिघडला की आवाज फाटतो किंवा मुळीच येत नाही, आणि मग कोणीतरी हमखास सांगते की चिप गेली, बदलून टाका. हा सल्ला मानून मी दोनदा चिप काढली आहे. दुसऱ्या वेळी हॉट एअरने बोर्डावरचे दोन पॅडही उखडले, आणि काढलेल्या दोन्ही चिप धडधाकट निघाल्या.

डिजिटल मल्टिमीटरची काळी तार १५ क्रमांकाच्या एजीएनडी (अॅनालॉग जमीन) पिनवर ठेवून आधी १४ वर एव्हीडीडी आणि मग १६ वर व्हीमिड मोजा (हे क्रमांक २८ पिनांच्या एसएसओपी पॅकेजचे आहेत). काट्याचा जुना मीटर येथे वापरू नये. व्हीमिड चिपमधल्या ५० किलोओहमच्या रेझिस्टर-विभाजकातून येतो, त्यामुळे असा मीटर स्वतःच तो खाली ओढतो आणि नसलेला दोष दाखवतो.

व्हीमिड जवळपास शून्य असेल, तर सोल्डरिंगची बंदूक खाली ठेवा आणि आपला प्रोग्राम उघडा. माझे दोन आठवडे येथेच गेले. ही चिप चालू होताना पॉवरऑफ अवस्थेत असते आणि त्या अवस्थेत व्हीमिड मुद्दाम बंद ठेवलेला असतो. तो सुरू करण्यासाठी ६ क्रमांकाच्या रजिस्टरमधला (चिपमधल्या सेटिंग साठवणाऱ्या कप्प्यातला) पॉवरऑफ बिट शून्य करावा लागतो. मी तो केला होता, निदान माझी तशी समजूत होती. अडचण अशी की या चिपमध्ये रजिस्टरचा पत्ता ७ बिटांचा आणि माहिती ९ बिटांची असते, म्हणून माहितीचा नववा बिट पहिल्या बाइटच्या शेवटी जाऊन बसतो आणि पत्ता एक घर डावीकडे सरकतो. परिणामी ६ क्रमांकाच्या रजिस्टरसाठी पहिला बाइट हेक्साडेसिमल ०६ नसून ०सी असतो. मी ०६ पाठवत होतो, म्हणजे प्रत्यक्षात ३ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये, उजव्या हेडफोनच्या आवाजाच्या मात्रेत, लिहीत होतो. चिप प्रत्येक बाइटला मुकाट्याने पोच देत होती. त्या पोचेवर विसंबू नका. बाइट मिळाला एवढाच तिचा अर्थ आहे, तो योग्य जागी गेला असा नाही. रजिस्टर परत वाचून खात्री करावी म्हटले, तर या चिपमध्ये वाचण्याची सोयच नाही. म्हणून एसडीआयएन आणि एससीएलके या माहितीच्या आणि क्लॉकच्या तारांवर लॉजिक अॅनालायझर (तारांवरचे बिट टिपून दाखवणारे उपकरण) लावा आणि चिपचा पत्ता (पत्ता ठरवणारी सीएसबी पिन जमिनीला जोडलेली असेल तर १ए, लिहिण्याच्या बिटासह पूर्ण बाइट ३४), त्यामागे ०सी आणि मग १० असे तीन बाइट (सर्व हेक्साडेसिमल) खरोखर जात आहेत का, ते डोळ्यांनी पाहा. प्रोग्राममध्ये पुढे कोठे १५ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये लिहून चिप रीसेट होत असेल, तर केलेले सर्व पुसले जाते, हेही तपासा.

व्हीमिड शून्य नाही, पण १.३ किंवा १.४ व्होल्टांवर अडकला आहे, अशा वेळी मात्र दोष बहुधा बाहेर असतो. १५ आणि १६ या पिना शेजारी आहेत, त्यांच्यामधले फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने घासून काढा. फरक पडला नाही, तर व्हीमिडवरचा १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून पुन्हा मोजा. केवळ १० मायक्रोअँपिअरची गळतीसुद्धा येथे एक दशांश व्होल्टाहून अधिक घट करते. व्होल्टेज जागेवर आला, तर नवा कपॅसिटर ध्रुवता पाहून बसवा. व्हीमिडवरून बाहेरच्या ऑप-अँपला (अॅम्प्लिफायर चिपला) बायस, म्हणजे संदर्भ व्होल्टेज, घेतला असेल, तर व्हीमिडवर भार येऊ न देणारा बफर मध्ये हवाच. काही जण बाहेरून दोन रेझिस्टर जोडून व्हीमिडला ‘आधार’ देतात. त्याने आकडा सुधारतो आणि गळती तशीच राहते.

कपॅसिटर काढलेला, पिना स्वच्छ, एव्हीडीडी बरोबर, ०सी आणि १० गेल्याचे डोळ्यांनी पाहिलेले, आणि तरीही व्हीमिड येत नसेल, तरच चिप बदला.

वर १० पाठवायला सांगितले, कारण त्यात आउटपुट बंद ठेवणारा बिट १ राहतो. व्हीमिडवरचा कपॅसिटर भरायला वेळ लागतो, म्हणून बाकीची रजिस्टरे लिहून एक-दोन सेकंद थांबा आणि सर्वांत शेवटी ०सी वर ०० पाठवा, नाहीतर हेडफोनमध्ये दर वेळी ठप्प असा धक्का बसेल.